तक्ता क्रमांक चार

ताळगावच्या पठारावर आमचा विभाग.
कपाटात दोन कवट्या, एक प्लास्टरची, एक खरी,
आणि खरीला कुणी नाव विचारत नाही.
पहिल्याच तासाला कुतिन्यो मॅडमनी फळ्यावर काढला
त्रिकोण : पुरुष. वर्तुळ : बाई.
बरोबरचं चिन्ह म्हणजे लग्न.
तिरपी रेघ मारली की माणूस गेला.
एवढ्यात, म्हणाल्या, अख्खा गाव मावतो.

दुसऱ्या वर्षी वाटा फुटल्या.
ज्योकिम बोटांच्या रेषांकडे गेला, शाईचा पॅड घेऊन.
दीक्षिता कुशावतीच्या काठी,
जांभ्यात कोरलेल्या बैलांपाशी.
बैल उलट प्रश्न विचारत नाहीत, ती सुखात आहे.
माझ्या वाट्याला आगरवाडा,
मिठागरं, आणि मिठागरांतली नाती.

सत्यवतीनं माझी प्रश्नावली अर्धी ऐकली
आणि बांधावर बसून स्वतःची सुरू केली :
खंयचें गो तूं? कोणालें?
डिचोलीची, म्हटलं. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे.
खाण बंद झाली, ट्रक अंगणात,
टायरांत आईनं अळू लावलंय.
आईचं कुळ कुठलं? आज्याचं देऊळ?
पणज्याच्या नावापाशी माझी वही कोरी पडली.
ती हसली. आनी तूं हेंच शिकता?

तिच्या बोलीत मी ‘तें’.
लग्न होईतो पोर नपुंसकलिंगी,
घर, भांडं, मीठ यांच्या रांगेत.
मी टिपून घेतलं.
परतताना वाटलं, रांग काही वाईट नाही.

एकदा ज्योकिमही आला.
तिचा अंगठा शाईत टेकवला, कागदावर दाबला :
काळा गोळा.
पुन्हा दाबला. ना शंख, ना चक्र.
चाळीस उन्हाळे मिठानं चाटून नेलेलं सगळं.
रेशनाच्या मशिनाकय हांव दिसना, ती म्हणाली,
आणि अंगठा परकराला पुसला.
रकान्यात त्यानं लिहिलं : अवाचनीय.
बसमध्ये पणजी येईस्तोवर
तो आपलाच अंगठा चोळत होता.

मार्चात विभाग गावात उतरला.
विस्तारकार्य, असा शब्द आहे अनुदानाच्या कागदावर.
शाळेच्या दोन वर्गांत सुतळ्या बांधून
आम्ही गावाला त्याचंच गाव टांगून दाखवलं.
सरपंच उशिरा आले, पातळभाजी निवली,
मुलं फोटोंत आपापले आजोबा शोधत होती
आणि बाकीच्यांचे आजोबा सोडून देत होती.

तक्ता क्रमांक चार सत्यवतीच्या घराचा.
तिला वाचता येत नाही, पण चिन्हं तिनं लगेच ओळखली,
कोण कोणापासून लोंबतंय ते.
मुलं सहा. मला तिनंच सांगितलेली, नावांसकट.
तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये माझी पट्टी सरकली होती,
अंतर जास्त पडलं होतं,
मॅडमनी लाल खूण केली होती,
दुरुस्तीला वेळ झाला नव्हता.
तिचं बोट नेमकं तिथं अडलं.
रेषा नसलेला अंगठा त्या कोऱ्या जागेवर टेकवून
तिनं हळूच विचारलं :
हें तुका कोणें सांगलें?

चार वर्षांत शिकलेला एकही शब्द
माझ्या कामी आला नाही.
मागे कुतिन्यो मॅडम उभ्या होत्या.
त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

मग ती भिंतीकडे वळली.
मीठ ओढायची तिची फळी तिथं खिळ्यावर होती,
वस्तू क्रमांक सात, लाकूड, अंदाजे तीस वर्षं.
बाहेर ऊन वर आलं होतं, कुंड्यांत मीठ धरलं होतं.
कुणाला न विचारता तिनं फळी काढली,
खांद्यावर टाकली आणि निघाली,
बांधावरून, भराभर,
मागे माझ्या अक्षरातलं लेबल
दोऱ्याला गिरक्या घेत.